डबा कुणाकडे जाणार?

आई-बाबांनो, नाताळची सुट्टी लागली की मुलांना कुकीज रंगवायच्या असतात. परदेशातल्या मराठी घरांत हा हट्ट ठरलेलाच, कारण वर्गातली सगळी मुलं ते करत असतात. आता पुण्या-ठाण्यातही तारे-झाडांचे साचे नि रंगांच्या बाटल्या सहज मिळतात. ओव्हन तापवण्याआधी मुलांना एक प्रश्न जरूर विचारा: हा डबा कुणाकडे जाणार?

नाताळच्या गोडाची मूळ रीत देण्याचीच आहे. अमेरिकेत शेजाऱ्यांना, शिक्षकांना कुकीजचे डबे जातात, मैत्रिणी आपापसांत अदलाबदल करतात. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतून नेवऱ्या, कुलकुलं, दोदोल यांची ताटं हिंदू शेजाऱ्यांकडे पोचतात नि सणावाराला तिकडून फराळ येतो. कुलकुलं काट्यावर किंवा स्वच्छ कंगव्यावर वळायला लहान मुलंही बसतात.

घेणाऱ्याचं नाव ठरलं की पुढचे प्रश्न आपसूक येतात. खालच्या मजल्यावरच्या काकू अंडं खात नाहीत. वर्गमित्राला शेंगदाणे, बदाम चालत नाहीत. आजोबांना मधुमेह आहे, मग त्यांना कुकीऐवजी मुलाच्या हातचं शुभेच्छापत्र का नको? हे प्रश्न मुलांनाच सोडवू द्या. दुसऱ्याच्या तोंडाचा विचार करायला शिकणं हा या उद्योगातला सगळ्यात मोठा लाभ.

आयसिंगही त्याच विचारानं निवडा. कडक वाळणाऱ्या रॉयल आयसिंगमध्ये कच्च्या अंड्याचा पांढरा भाग नि आयसिंग शुगर घोटतात. कच्च्या अंड्यातून साल्मोनेलाचा संसर्ग होऊ शकतो. लहान मुलं, गरोदर बाई किंवा वयस्कर माणसं खाणार असतील तर त्याऐवजी मेरँग पावडर (वाळवलेल्या अंड्याच्या पांढऱ्याची पूड) घ्या. अंडं अजिबात नको असेल तर काबुली चणे शिजवलेलं दाटसर, बिनमिठाचं पाणी वापरा. साधारण 2 मोठे चमचे पाणी एका अंड्याच्या पांढऱ्याचं काम करतं. 2014-15 च्या सुमारास फ्रान्स-अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी ही युक्ती रूढ केली. पहिल्यांदाच करणार असाल तर आणखी सोपं: आयसिंग शुगरमध्ये चमचा-चमचा दूध नि थोडा लिंबाचा रस. हे तितकं कडक होत नाही, म्हणून डब्यात थरांमध्ये बटर पेपर घाला.

एक काम मात्र मोठ्यांनी चोख करायचं, ते म्हणजे आयसिंगचा दाटपणा जमवणं. कडेची रेघ काढायला घट्ट आयसिंग लागतं, आतला भाग भरायला पातळ. पातळ आयसिंगमध्ये सुरीनं रेघ ओढा. ती 10 ते 15 सेकंदांत मिटली की ते जमलं. लवकर मिटली तर ते कडेवरून ओघळेल, उशिरा मिटली तर वर सुरकुत्या राहतील. पाण्यासारखा रंग त्याला आणखी पातळ करतो, म्हणून जेलचा रंग बरा. वाडग्यावर ओलं फडकं ठेवा, नाहीतर पापुद्रा धरतो. भरायला महागडी नळी कशाला? मेंदीचा कोन वळतो तसा बटर पेपरचा वळा. तो कसा दाबायचा हे मुलींना सांगावंही लागत नाही.

भाजणं नि रंगवणं शक्यतो वेगवेगळ्या दिवशी ठेवा. गरम कुकीवर आयसिंग विरघळतं नि दमलेल्या मुलांचा धीर सुटतो. रंगवलेल्या कुकीज रात्रभर पंख्याखाली वाळू द्या, फ्रिजमध्ये नको. तिथल्या ओलाव्यानं लाल रंग पांढऱ्यात पसरतो. चकाकीची पूड घेताना लेबल वाचा. 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेली प्रत्येक पूड खाण्याची नसते, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं बजावलं आहे. 'खाण्यायोग्य' असा स्पष्ट उल्लेख नि घटकांची यादी हवी. कच्ची कणीकही चाखू देऊ नका, न भाजलेल्या पिठातही जंतू असू शकतात.

साखरेची काळजी तुम्हाला वाटणार, नि ती रास्त आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मते 2 ते 18 वर्षांच्या मुलांच्या पोटात दिवसाला वरून घातलेली साखर 25 ग्रॅमपेक्षा, म्हणजे सुमारे 6 चमच्यांपेक्षा कमी जावी. जाड आयसिंगच्या दोन मोठ्या कुकीजमध्ये ती संपते. पण डबा दुसऱ्याकडे जाणार हे आधीच ठरलं असेल, तर 'आता पुरे' असं सारखं म्हणावं लागत नाही. घरासाठी माणशी एक बाजूला काढा, बाकीच्या बांधायच्या.

खरी कसोटी पुढे आहे नि ती आपली आहे. सहा वर्षांच्या मुलाचा तारा जांभळा असतो, हरणाला पाच पाय असतात नि आयसिंग कडेवरून खाली आलेलं असतं. घरात खायचं असतं तर आपण हसून कौतुक केलं असतं. ते शेजारी जाणार म्हटल्यावर मात्र 'लोक काय म्हणतील' हा विचार येतो नि हात शिवशिवतात. मग मूल झोपल्यावर आपण ओघळ पुसतो, वाकड्या कुकीज तळाशी लपवतो, सरळ वर मांडतो. मुलाला सकाळी ते कळतं. आपलं काम देण्याच्या लायकीचं नव्हतं, एवढाच अर्थ त्याला लागतो, नि पुढच्या वर्षी ते म्हणतं, 'आई, तूच कर ना.'

म्हणून कामं आधीच वाटून घ्या. मोजमाप, ओव्हन, स्वच्छता, दाटपणा आपल्याकडे. रंग, नक्षी नि कुणाला कोणती द्यायची, हे मुलाकडे. नीटनेटक्या कुकीज करायची तुमची स्वतःची हौस असेल, तर तीही जरूर भागवा. आपला वेगळा ट्रे घ्या नि मुलाच्या शेजारी बसून रंगवा. फक्त दोन ट्रेंची तुलना करू नका. डब्यावर घटकांची चिठ्ठी लावा, त्यात अंडं, दूध, सुकामेवा आहे की नाही ते मुलाच्या अक्षरात लिहू द्या. नि शेजारची बेल त्यालाच वाजवू द्या. आपण दोन पावलं मागे उभं राहायचं, नि 'जरा वाकड्या झाल्यात हं' हे वाक्य तोंडाशी आलं तरी गिळायचं.