शौलाच्या शोधात बर्णबा

वाचावयाचे भाग : प्रे. कृ. ४:३६-३७; ९:२६-३०; ११:१९-२६; १३:१-१३; १५:३६-४१.

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांविषयी एक तक्रार नेहमी कानी येते, ती ही की, कामाला माणसे नाहीत. पाळक एक आणि गावे अनेक. ज्या रविवारी पाळक दुसऱ्या गावी असतात त्या रविवारी उपासना चालविण्यास कोणी पुढे होत नाही, शब्बाथशाळेचे वर्ग मोडतात, आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेस जाणारा मिळत नाही. तक्रार खोटी नाही. परंतु माणसे नाहीत असे म्हणण्यापूर्वी ती आपण शोधली काय, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे; आणि तो विचारण्यास बर्णबाच्या वृत्तांताइतके योग्य स्थळ शास्त्रात दुसरे आम्हांस दिसत नाही.

त्याचे खरे नाव योसेफ. तो कुप्र बेटातला लेवी. आपले शेत विकून त्याने पैसा प्रेषितांच्या पायांशी आणून ठेविला, ही त्याची पहिली ओळख. बर्णबा हे नाव त्याला प्रेषितांनी दिले, आणि आपल्या मराठी शास्त्रात त्याचा अर्थ ‘बोधपुत्र’ असा दिला आहे. येथे जो मूळ ग्रीक शब्द आहे त्यात बोध, उत्तेजन आणि सांत्वन हे तिन्ही अर्थ येतात, आणि तो ज्या धातूपासून झाला त्याचा अर्थ जवळ बोलावणे असा आहे. त्याच धातूपासून झालेला दुसरा शब्द योहानाच्या चवदाव्या अध्यायात पवित्र आत्म्याविषयी आला आहे, व तेथे आमच्या भाषांतरकारांनी ‘कैवारी’ हा सुरेख शब्द योजिला आहे. बोध म्हटला की उंचावर उभे राहून खालच्यांस सांगणे, असे आमच्या मनात सहज येते. कैवार मात्र शेजारी उभे राहूनच घ्यावा लागतो, आणि ज्याचा कैवार घ्यावा त्याच्या वाट्याचे बोलणेही खावे लागते. बर्णबाचे सारे चरित्र या दुसऱ्या अर्थाने वाचावे असे आम्ही सुचवितो.

शौल दिमिष्काहून यरुशलेमेस आला तेव्हा शिष्य त्याला भ्याले. त्यांच्या भिण्याला आम्ही नावे ठेवणार नाही. ज्याने घरोघर शिरून पुरुषांना व बायकांना तुरुंगात ओढून नेले, तो आज मी तुमचा भाऊ म्हणून दारात उभा राहिला, तर कोणाही शहाण्या माणसाने कडी लावूनच घेतली असती. बर्णबाने त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेले. तेथे तो काय बोलला ते लक्षात घेण्यासारखे आहे. माणूस चांगला आहे, मी याची हमी घेतो, एवढ्यावर त्याने भागविले नाही. वाटेत याला प्रभू कसा दिसला, प्रभू याच्याशी काय बोलला, आणि दिमिष्कात याने येशूच्या नावाने किती धैर्याने भाषण केले, हे त्याने सांगितले. म्हणजे इतर लोक शौलाविषयी ऐकत होते, त्या अवधीत बर्णबाने शौलाचे ऐकून घेतले होते. देवाने या मनुष्यात काय केले आहे हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याची शिफारस पोकळ झाली नाही.

पुढे जिवावरचा प्रसंग आल्यामुळे बंधूंनी शौलाला तार्सास, त्याच्या जन्मगावी, पाठवून दिले. मग काही वर्षे लूक त्याच्याविषयी एक अक्षरही लिहीत नाही. गलतीकरांस लिहिताना आपण त्या काळी सूरिया व किलिकिया प्रांतांत होतो असे पौल सांगतो. परंतु यरुशलेमेच्या मंडळीपुरते बोलावयाचे तर हा मनुष्य दृष्टीआड झाला होता, आणि दृष्टीआड झालेला मनुष्य मनाआड होण्यास वेळ लागत नाही.

इकडे अंत्युखियात हेल्लेणी लोकांनी पुष्कळ संख्येने विश्वास धरिला. यरुशलेमेच्या मंडळीने बर्णबाला तेथे पाठविले. काम वाढत होते, लोक त्याला मानीत होते, आणि वरचढ असा दुसरा कोणी तेथे नव्हता. अशा वेळी बहुतेक माणसे काय करितात हे आपण जाणतोच. बर्णबा उठला आणि शौलाला शोधावयास निघाला. अंत्युखियापासून तार्सापर्यंत समुद्राच्या आखाताला वळसा घालून जाणारी वाट शंभर मैलांहून अधिक आहे. शिवाय शोधण्यासाठी लूकाने येथे जो शब्द वापरिला आहे, तोच त्याने आपल्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात योजिला आहे. वल्हांडणाहून परतताना बारा वर्षांचा येशू सोबत नाही असे कळल्यावर आईबापांनी त्याला नातलगांत व ओळखीच्यांत धुंडिले, त्या ठिकाणी. तेव्हा हे निरोप पाठवून बोलाविणे नव्हे. हरवलेले मूल शोधावे तसे हे शोधणे आहे. शौल सापडला, बर्णबाने त्याला आणिले, आणि वर्षभर दोघांनी एकाच मंडळीत बरोबरीने शिकविले. शिष्यांस ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम त्या अंत्युखियात मिळाले. जे नाव आज आपण सर्व धारण करितो, त्याच्यामागे त्या शंभर मैलांच्या पायपिटीचाही काही वाटा आहे.

याची किंमत बर्णबाने भरली. तेराव्या अध्यायाच्या आरंभी लूक ‘बर्णबा व शौल’ असे लिहितो. कुप्र बेट ओलांडले न ओलांडले तोच लेखणी फिरते, आणि पुढे बहुतेक ‘पौल व बर्णबा’ असे येऊ लागते. लुस्त्रात लोकांनी बर्णबाला ज्यूस व पौलाला हर्मीस ठरविले, कारण बोलण्यात पौल मुख्य होता. ज्याला आपण हात धरून आणिले तोच पुढे बसू लागला! आमच्या गावी असे झाले तर किती घरांत चूल पेटणार नाही, हे वाचकांस सांगावयास नको. परंतु बर्णबाने या गोष्टीचा विषाद मानल्याची एक खूणही वृत्तांतात नाही.

मार्काच्या बाबतीत मात्र तो अडून बसला. हा योहान मार्क त्याचा भाऊबंद. पहिल्या प्रवासात पंफुल्यातील पिर्गा येथे त्याने दोघांस सोडले व तो यरुशलेमेस परतला. का परतला ते लूक सांगत नाही, आणि घरची ओढ, डोंगरी वाटेचे भय, ताप, असे तर्क करून आम्हीही सांगणार नाही. दुसऱ्या प्रवासाच्या वेळी बर्णबा म्हणे, त्याला घेऊ. पौल म्हणे, जो मध्येच टाकून गेला त्याला घेऊ नये. दोघांत असा खटका उडाला की ते वेगळे झाले. पौलाचे म्हणणे अयोग्य होते असे आम्ही म्हणत नाही. जेथे दगडमार होतो तेथे अर्ध्यावर परतणारा सोबती नेणे धोक्याचेच. पण पौल कामाकडे पाहत होता, आणि बर्णबा त्या तरुणाकडे. मंडळीला दोन्ही दृष्टी लागतात. पौल सीलाला घेऊन सूरिया-किलिकियात गेला. बर्णबा मार्काला घेऊन तारवात बसला व कुप्रास गेला, आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याचे नाव पुन्हा येत नाही.

पुढचे मात्र पौलाच्या पत्रांत सापडते. कलस्सैकरांच्या पत्रात मार्क पौलाजवळ आहे व त्याचे स्वागत करा असे सांगितले आहे. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात, शेवट जवळ आला असता, मार्काला बरोबर आण, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे, अशा अर्थाचे वचन आहे. ज्याला निरुपयोगी म्हणून मागे ठेविले तोच उपयोगी ठरला. तसेच मार्काने पेत्राच्या तोंडचे ऐकून शुभवर्तमान लिहिले, असे दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या पापियासाचे सांगणे युसेबियसाने आपल्या इतिहासात उतरून ठेविले आहे. बर्णबाने मार्काला कुप्रात काय शिकविले याची नोंद नाही. त्याने त्याला दुसऱ्यांदा बरोबर नेले, एवढीच नोंद आहे.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. अशा मृदू मनाच्या माणसाला एक मोह असतो. गलतीकरांस पौल लिहितो की, अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून मागे सरला तेव्हा बर्णबादेखील त्या ढोंगात ओढला गेला. सर्वांस सांभाळणारा कधी कधी सत्य सांभाळावयास चुकतो. उत्तेजन म्हणजे सर्वांच्या मनासारखे बोलणे, असे समजणाऱ्याने हे वचन वगळू नये.

आमच्या महाराष्ट्रात पाहावयाचे तर केडगावास पाहावे. सन १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्यप्रांतातून उपाशी विधवा व मुली आणिल्या. लोकांना त्यांत खाणारी तोंडे दिसली असती. बाईंना हात दिसले. त्या मुलींस अक्षरओळख झाली, विणकाम आले, शेती आली, आणि छापखान्याचे काम आले. बाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून, अडाणी बायकांस कळावे अशा सोप्या मराठीत शास्त्राचे भाषांतर केले, ते मुक्तिसदनातल्या स्त्रियांनी स्वतः खिळे जुळवून छापले. बाई १९२२ साली प्रभूकडे गेल्या व ग्रंथ १९२४ साली पुरा बाहेर आला. तसेच लक्ष्मीबाई टिळकांस शाळा ठाऊक नव्हती. टिळकांनी घरी अक्षरे शिकविली. टिळक १९१९ साली वारल्यावर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ बाईंनी पुढे रचिले, आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिली ती मराठी वाचणारे अजून वाचतात. कोणी शिकविले नसते आणि लिही असे कोणी म्हटले नसते, तर एवढी वाणी चुलीपाशीच विझून गेली असती.

यावरून मंडळीच्या वडिलांस आम्हांस काही विचारावयाचे आहे. तरुणाने उपासनेत साक्ष दिली की आपण पाठ थोपटतो, आणि पुढल्या रविवारी पवित्र शास्त्र वाचावयास पुन्हा त्याच त्या दोन माणसांस उभे करितो. पाठ थोपटण्याला काही पडत नाही. बर्णबाने शौलाला शाबासकी दिली नाही. काम दिले, आणि ते काम आपल्याच कामातून काढून दिले. मंडळीच्या पेटीची किल्ली, भजनाचा आरंभ, लग्नघरची प्रार्थना, यांपैकी काही आपल्या हातून सोडल्यावाचून दुसऱ्याच्या हाती येत नाही. दुसरे असे की, माणसाची परीक्षा आपण घराण्यावरून करितो. अमक्याचा मुलगा, तमक्या घरची सून, एवढे म्हटले की विचार संपला. योसेफ सुताराच्या मुलाविषयी नासरेथकरांनी हेच म्हटले होते. आणि तिसरे, एकदा चुकलेल्याचे नाव वहीतून कायमचे जाते. हिशेबात गफलत करणाऱ्याच्या हाती लगेच पैसा द्यावा असे कोणी म्हणणार नाही. पण त्याला मुलांस गीते शिकविण्यास बोलावण्यास कोणती अडचण?

हा पाठ चालविणाऱ्यांनी वाचन संपल्यावर लांब भाषण करू नये. मंडळीने आपापसांत हे पाहावे की, आपल्यापैकी कोण पुण्या-मुंबईस कामाला जाऊन दृष्टीआड झाला आहे, कोणती बहीण घरी उत्तम प्रार्थना करिते पण मंडळीत तिला कोणी विचारिले नाही, आणि कोणता मनुष्य एकदा अर्ध्यावर परतला म्हणून मागच्या बाकावर बसतो. नावे मोठ्याने घेऊ नयेत, कारण त्याने काहींस लाज वाटेल. प्रत्येकाने एकच नाव मनात धरावे, आठवडाभर त्या नावासाठी प्रार्थना करावी, आणि पुढल्या रविवारच्या आत त्या घरी स्वतः जावे. जाताना उपदेश नेऊ नये. आधी त्याचे ऐकून घ्यावे, मग एक लहानसे काम सांगावे, आणि पहिल्या खेपेस आपण त्याच्याबरोबर उभे राहावे.