माहुलीगडावरील ओसाड वस्ती

खर्डीच्या परिसरांत राहणाऱ्या आम्हां सर्वांस माहुलीचा डोंगर लहानपणापासून परिचयाचा असतो. आगगाडीनें आसनगांवाकडे जातां येतां त्याचे सुळके दृष्टीस पडतात, आणि नवरा, नवरी, भटजी अशीं त्यांचीं नांवें मुलें एकमेकांस सांगतात. परंतु त्या माथ्यावर, सुमारें २८०० फूट उंचीवर, एके काळीं माणसें नांदत होतीं, चुली पेटत होत्या, ही गोष्ट थोड्यांच्याच मनांत येते. किल्ला म्हटला कीं आपल्यास लढाई आठवते. वस्ती आठवत नाहीं.

लढायांचा इतिहास थोडक्यांत असा. इ. स. १६३६ मध्यें शहाजीराजे निजामशाहीच्या बालराजासह येथें मोंगल व विजापूरकर यांच्या वेढ्यांत सांपडले, व त्या शरणागतीबरोबर निजामशाही संपली. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत मोंगलांस दिलेल्या तेवीस किल्ल्यांत माहुली होता. १६७० च्या फेब्रुवारींत मराठ्यांचा हल्ला किल्लेदार मनोहरदास गौड यानें परतविला, आणि त्याच वर्षीं जूनमध्यें मोरोपंत पिंगळ्यांनीं गड घेतला.

आतां वस्ती कशी शोधावी तें पाहूं. प्रथम पाणी शोधावें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गडाचें स्थळ निवडतांना आधीं पाणी पाहण्यास सांगितलें आहे तें उगीच नव्हे. माहुलीवर खडकांत खोदलेलीं टांकीं आहेत. ज्या टांक्याकडे जाण्यास सोपी वाट असेल, त्याच्या आसपास माणसांचा वावर अधिक असला पाहिजे. नंतर पायाखालीं पाहावें. रानांत एका ओळींत बसविलेले दगड दिसले कीं तें बहुधा घराचें जोतें समजावें. महादरवाजाजवळच्या देवड्या पहारेकऱ्यांच्या, हें सहज कळतें. सांपडलेलें खापर मात्र घरीं आणूं नये. जागा सुटली कीं त्याची साक्ष गेली.

येथें एका गोष्टीचा विचार अवश्य करावा. जें उरलें आहे तें दगडाचें आहे, आणि दगडाचें बांधकाम सत्ताधाऱ्यांचें असे. आमच्या भागांतील गरिबांचें घर म्हणजे कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप आणि वर गवताचें छप्पर. असें घर सोडून गेल्यावर दोनचार पावसाळ्यांत त्याचें नांवही उरत नाहीं. म्हणून अवशेष पाहून ‘येथें वाडे होते’ एवढेंच जो म्हणतो, त्यानें अर्धी वस्ती पाहिलीच नाहीं, असें आमचें मत आहे.

वस्त्या ओस पडण्याचीं कारणेंही सारखीं नसतात. इटलीच्या दक्षिणेस बासिलिकाता प्रांतांत क्राको नांवाचें टेंकडीवरचें जुनें गांव आहे. १९६३ मध्यें तेथें दरडी सरकूं लागल्या आणि लोकांस खालच्या खोऱ्यांत नवीं घरें देऊन हलविण्यांत आलें. १९८० च्या भूकंपानंतर तें पुरतें ओस झालें. त्या टेंकडीची माती चिकण व भुसभुशीत. आमचा माहुली काळ्या कातळाचा. माहुलीचा डोंगर खचला नाहीं, गडाचें काम संपलें. १८१८ मध्यें पेशवाई बुडाल्यावर तेथें शिबंदी ठेवण्याचें कारण उरलें नाहीं, आणि ज्या माथ्यावर धान्य, मीठ, तेल सर्व कांहीं पाठीवरून चढवावें लागतें तेथें हौसेनें कोण राहणार? रानानें आपली जागा परत घेतली. १८९२ मध्यें मुंबईच्या पाण्यासाठीं पुरा झालेला तानसा तलाव आज त्याच माथ्यावरून दिसतो.

गडावर जाणें तें पावसाळा सरल्यावर आणि वडीलधाऱ्या माणसासह. शेवटच्या शिडीपाशीं घाई नको. ज्यांस चढणें शक्य नाहीं त्यांच्यासाठींही काम आहे. पायथ्याच्या गांवांतील वृद्धांस शेतांचीं, पाणवठ्यांचीं व जुन्या वाटांचीं नांवें विचारावीं, ज्यानें सांगितलें त्याच्याच शब्दांत तीं वहींत उतरावीं, आणि पुढील अंकासाठीं आमच्याकडे आणून द्यावीं.