'दसरा काढणे' : अर्थ आणि उपयोग

भाद्रपद संपत आला की आपल्या जालना जिल्ह्यात एक प्रश्न घरोघरी ऐकू येतो. हापशावर, ओट्यावर, नदीच्या वाटेवर एक बाई दुसरीला विचारते, "काय वं काकू, दसरा काढून झाला का?" परप्रांतीच्या माणसास याचे नवल वाटेल. दसरा अजून दहा-बारा दिवस दूर आहे; मग तो काढायचा कोठून आणि कसा? या छोट्याशा शब्दप्रयोगाचा विचार करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अर्थ

'दसरा काढणे' म्हणजे घटस्थापनेपूर्वी घराची केलेली संपूर्ण स्वच्छता. रोजची झाडलोट हा याचा अर्थ नव्हे. प्रथम आढ्यापासून जाळी-जळमटे झाडतात. उतरंडी उतरवून त्यामागची जागा लोटतात. मातीच्या भिंती पोतारतात, जमीन शेणाने सारवतात. तांब्या-पितळेची भांडी चिंच व राख लावून घासतात. देवघरातील टाक उजळतात. शेवटी घरातील सर्व वाकळा, गोधड्या, चादरी यांचे गाठोडे डोक्यावर घेऊन बायका पाण्यावर जातात. कोणी कुंडलिकेवर, कोणी दुधनेवर, तर अंबड-घनसावंगीकडच्या गोदाकाठच्या बायका गोदावरीवर. भिजलेली वाकळ एकटीला पिळवत नाही. दोघींनी दोन टोके धरावी लागतात. त्यामुळे शेजारणी मिळूनच दसरा काढतात.

'काढणे' या क्रियापदाविषयी

मराठीत 'काढणे' हे क्रियापद फार कष्टाळू आहे. आपण केर काढतो, पाणी काढतो, पीक काढतो, कर्ज काढतो आणि वाईट दिवसही काढतो. जे आत दडले आहे ते बाहेर आणणे, किंवा जे जड आहे ते रेटून पार पाडणे, अशा दोन छटा या उपयोगांत दिसतात. 'दसरा काढणे' यात त्या दोन्ही एकत्र आल्या आहेत. घरातील मळ बाहेर निघतो आणि एक अवघड काम पार पडते. येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. 'दसरा काढणे' आणि 'दिवाळे काढणे' यांची गल्लत करू नये. पहिल्याने घर उजळते, दुसऱ्याने बसते!

'दसरा' हा शब्द संस्कृत 'दशहरा' यावरून आला, असे सांगतात. 'हर' म्हणजे हरण करणारा, दूर करणारा. म्हणजे काढून टाकण्याची कल्पना मूळ शब्दातही आहे. नदीवर वाकळ आपटणाऱ्या बाईला ही व्युत्पत्ती ठाऊक नसते, पण तिचे काम त्या अर्थाला सोडून नाही.

याच वेळी का?

याचे कारण ऋतूत आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत भिंतींना ओल येते, अंथरुणांना कुबट वास लागतो, धान्यात किडे होतात. आश्विनाच्या तोंडाशी पाऊस ओसरतो, ऊन कडक पडते, नदीला पाणी असते व ते निवळलेले असते. शिवाय खरिपाचे धान्य घरात यायचे असते, त्याला जागा हवी असते. धुण्याला पाणी आणि वाळवण्याला ऊन एकाच वेळी मिळण्याचा हाच काळ होय.

इतर देशांतही असेच शब्द आहेत. इंग्रजीत 'स्प्रिंग क्लीनिंग' म्हणतात. हिवाळाभर दारे-खिडक्या बंद करून कोळसा जाळल्यावर घरात साठलेली काजळी वसंत ऋतूत धुऊन काढण्याची ती रीत. इराणात 21 मार्चच्या सुमारास येणाऱ्या नवरोज सणापूर्वी घर स्वच्छ करतात, त्याला 'खाने-तकानी', म्हणजे घर झटकणे, असे नाव आहे. आपल्या 'दवाखाना', 'कारखाना' या शब्दांतील 'खाना' तो हाच. इंग्रजांनी ऋतूचे नाव घेतले, इराण्यांनी घराचे घेतले. आपण सणाचे नाव घेतले.

उपयोग

मी शाळेत असताना निबंधात 'आईने दसरा काढला' असे लिहिले होते. त्यावर तांबडी रेघ आली आणि वर 'दसरा साजरा केला' अशी दुरुस्ती झाली. ती मला खरी वाटली. घरी जाऊन मी आईचे बोलणेही सुधारू लागले. आई एवढेच म्हणाली, "साजरा तुम्ही करता बाई. मी काढते."

आई शाळेत गेलेली नाही, पण अर्थाचा भेद तिने बरोबर सांगितला होता. पुढील दोन वाक्ये पाहावीत. 'आम्ही दसरा काढला, पण साजरा केला नाही.' घरात दुःखद घटना घडली तर असे होऊ शकते. 'आम्ही दसरा साजरा केला, पण काढला नाही.' हेही आपल्या जिल्ह्यात घडले आहे. 2012 साली पावसाने पाठ फिरवली आणि जालना जिल्हा दुष्काळात होरपळला. घट बसले, सोनेही वाटले गेले. पण आमच्या घरच्या वाकळा तशाच राहिल्या. त्या वर्षाची आठवण निघाली की आई दुष्काळ हा शब्द वापरत नाही. "त्या साली दसरा काढायचाच राहिला," असे म्हणते. दोन्ही वाक्यांना स्वतंत्र अर्थ आहे, म्हणून एक शब्दप्रयोग दुसऱ्याची दुरुस्ती होऊ शकत नाही.

आता नव्या पिढीत हा प्रयोग सणाबाहेरही चालतो. आमच्या वसतिगृहात ऐन फेब्रुवारीत एखादी मैत्रीण म्हणते, "या कपाटाचा एकदा दसरा काढला पाहिजे." वाकळांच्या जागी ब्लँकेटे आली, नदीच्या जागी नळ आणि धुलाई यंत्र आले, तरी शब्द टिकून आहे.

समारोप

'साजरा करणे' हा शब्द सणाचा आनंद सांगतो, तर 'काढणे' हा त्यामागचे श्रम सांगतो. हे श्रम बहुतेक बायकांचे असतात, आणि त्यांना नाव देणारा हा शब्दही त्यांनीच बोलण्यात राखला आहे. प्रमाण भाषा आपण जरूर शिकावी. त्यासाठीच आपण महाविद्यालयात आलो आहोत. परंतु घरचा शब्द खोडण्यापूर्वी त्याचा अर्थ एकदा घरी विचारून घ्यावा, एवढीच नम्र विनंती.