पिकअपचे पाटे वाढवताय? आधी गाडी काट्यावर न्या



गुऱ्हाळांचा हंगाम तोंडावर आला की गॅरेजमध्ये पाट्यांच्या कामाला गर्दी होते. गुळाचे रवे असोत, टोमॅटोचे कॅरेट असोत नाहीतर खताची पोती, लोड टाकला की गाडी मागं बसते. मग सल्ला ठरलेला: "दोन पाटे वाढवा, काही होत नाही." आजचा पाठ त्यावर.

पाटा वाढवला की गाडी उंच राहते. तिची वजन वाहायची ताकद मात्र वाढत नाही. हाउसिंग, बेअरिंग, टायर, चेसिस, ब्रेक सगळं पहिल्याइतकंच राहतं. गाडी बसलेली दिसते तोवर आपण जपून असतो. उचललेली दिसली की आणखी पाच पोती चढतात. खरा धोका तिथं आहे.

म्हणून खर्चाआधी वजन. उसाच्या काट्यावर आपण किलोकिलोसाठी भांडतो, पण स्वतःच्या रिकाम्या गाडीचं वजन बहुतेकांना सांगता येत नाही. आर.सी.वर दोन आकडे असतात, रिकामं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. त्यातला रिकाम्याचा आकडा गाडी नवी असतानाचा. नंतर आपण उंच जाळी लावली, तळाला पत्रा मारला, पुढं गार्ड बसवला, कुणी फवारणीची टाकीच कायमची बसवली.

समजा कमाल वजन २९९० किलो आणि रिकामं १७०० आहे. कागदावर १२९० किलो माल बसतो, म्हणजे ३० किलोचे ४३ रवे. जाळी-पत्र्याचे १५० आणि केबिनमधल्या दोघांचे १५० किलो वजा केले की ९९० उरतात, म्हणजे ३३ रवे. दहा रवे गाडी भरायच्या आधीच गेले! तेव्हा डिझेल भरून, माणसं बसवून एकदा काटा करा. भरलेल्या गाडीची मागची चाकं तेवढी काट्यावर घेऊन वेगळी पावती काढली तर उत्तमच. टायरच्या बाजूवर भाराचा आकडा असतो. १०८ असेल तर एका टायरची मर्यादा १००० किलो, दोन्ही मागच्या टायरची मिळून २०००, आणि त्यात गाडीचं स्वतःचं मागचं वजनही आलं.

वजन मर्यादेत असूनही गाडी बसत असेल, तर पाटे थकलेत. रिकामी गाडी सपाट जागेवर लावा आणि चाकाच्या मध्यापासून वर हौद्याच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना टेप लावा. एक बाजू खाली असेल तर पाटा तुटलाय का बघा. दोन्ही बसल्या असतील तर कंपनीच्या मापाचा पूर्ण सेट बदला. थकलेल्या सेटमध्ये एक नवा जाड पाटा घातला की सगळा भार तोच घेतो आणि तोच आधी मोडतो. गॅसवर तापवून कमान देणं किंवा तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करणं, दोन्ही नको; त्यानं पोलादाला दिलेलं पाणी उतरतं.

जाडीचा हिशोब फार थोड्यांना माहीत असतो. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो. म्हणजे ८ मिमीच्या जागी १० मिमी घातला तर त्या पाट्याचा ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. "दोनच मिमी तर वाढवलेत" असं म्हणू नका. अशी गाडी अर्ध्या लोडवर खड्ड्यात आपटते, वरच्या थरातला टोमॅटो दबतो आणि मार्केट यार्डात 'ए' ग्रेडचा माल 'बी'त जातो. परत येताना रिकाम्या गाडीची मागची चाकं उड्या मारतात. पावसाळी रस्त्यावर तेव्हाच घसरण होते.

लोड रोजचा नसून हंगामापुरता असेल तर हेल्पर पाटा बरा. तो मुख्य सेटपासून थोडा सुटा असतो आणि गाडी ठरावीक खाली आल्यावरच भार घेतो. रिकाम्या गाडीत तो टेकत असेल तर बसवणं चुकलंय, परत करून घ्या. शॉकप भारी टाकून गाडी उचलली जाते हाही एक गैरसमज. वजन पाटा पेलतो, शॉकप फक्त उसळी थांबवतो. तेल गळत असेल किंवा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी डोलतच राहत असेल तर जोडीनं बदला.

माल भरायची जागाही बघा. चाकांमधलं अंतर ३ मीटर धरा. फाळका उघडून मागच्या चाकाच्या १ मीटर मागं ३०० किलो ठेवले, तर मागच्या चाकांवर ४०० किलो पडतात आणि पुढची चाकं १०० किलोनं हलकी होतात. स्टिअरिंग हलकं लागतं ते याचमुळं. यावर पाटा हा उपाय नाही, जड माल केबिनकडं सरकवा.

आता ब्रेक, कारण गगनबावड्याहून करूळ घाट किंवा शाहूवाडीहून आंबा घाट उतरणारे सभासद बरेच आहेत. अनेक पिकअपमध्ये मागच्या हाउसिंगजवळ चेसिसवर लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी हाउसिंगला जोडलेली असते. लोडनं बॉडी खाली आली की दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. आपण पाटे वाढवून बॉडी उचलली की व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते. भरलेल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो, सगळं काम पुढच्यावर येतं आणि उतारावर पुढचे ब्रेक तापतात. काही मिस्त्री ती दांडी तारेनं बांधून टाकतात. मग रिकाम्या गाडीची मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी होते. पाट्याचं कोणतंही काम झालं की हा व्हॉल्व्ह कंपनीच्या मापानं सेट करून घ्या. मिस्त्रीला तो माहीतच नसेल, तर त्याच्याकडं पाट्याचं काम देऊ नका.

कारमध्ये सीएनजी बसवलेल्यांसाठी थोडक्यात: सिलिंडर, गॅस आणि स्टँड मिळून साठ-सत्तर किलो सहज होतात, म्हणजे डिकीत कायम एक माणूस बसलाय असं समजा. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर कोंबण्यापेक्षा योग्य ताठपणाची मागची स्प्रिंगजोडी घ्या. सीएनजीची नोंद आर.सी.वर हवीच.

कायद्याचं म्हणाल तर पाटे वाढवून आर.सी.वरचं कमाल वजन बदलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तिथंच उतरवावा लागतो. भर दुपारी, हायवेवर, टोमॅटो!

काम करून घेताना जुने यू बोल्ट परत वापरू देऊ नका. सेट जाड झाला तर लांब बोल्ट लागतात आणि जुने ताणलेले असतात. लोड घेऊन दोन-तीन खेपा झाल्या की गॅरेजला जाऊन ते पुन्हा आवळून घ्या. ढिले राहिले तर सेंटर बोल्ट तुटतो आणि हाउसिंग जागेवरून सरकतं. त्याच फेरीत हेडलाइटही सेट करून घ्या, मागची उंची बदलली की उजेडाची दिशाही बदलते.