लाकडाच्या कंपनीत रुजू होताना

सोमवारपासून तू लाकडी घरं बांधणाऱ्या कंपनीत जाणार, म्हणून चार गोष्टी आत्ताच सांगतो, पोरी. मी सुतारकामात हयात काढली. तू इंजिनिअर आहेस, संगणकावर तुळई कशी वाकेल ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी सांगतोय ते संगणकात नसतं.

कंपनी पर्यावरण जपते म्हणतात. चांगलंच आहे. पण चांगला साग तयार व्हायला साठ-सत्तर वर्षं जातात. त्या झाडाचं घर वीस वर्षांत कुजलं, तर पर्यावरण कुठे जपलं? सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. लाकूड कुजलं की तो परत हवेत जातो. म्हणून तुझं पहिलं काम एकच समज: लाकडात पाणी मुरू द्यायचं नाही.

माल उतरला की आधी ओलावा बघ. मीटरच्या सुया फळीच्या टोकाला टोचू नकोस, टोक लवकर सुकतं आणि आकडा फसवा येतो. हातभर आत टोच, दोन-चार फळ्यांना टोच, गठ्ठ्याच्या मधल्या फळीला तर नक्की. शंका आली तर तुकडा कापून भट्टीत सुकव, वजन उतरायचं थांबेपर्यंत. इथे शिकलेली माणसंसुद्धा हिशेबात चुकतात. ओला तुकडा १०० ग्रॅम, सुकल्यावर ८० ग्रॅम, तर ओलावा २० टक्के नव्हे, २५ टक्के. भागायचं सुक्या वजनाने. आणि कारखाना पुण्यात, साइट दापोलीला असेल, तर एप्रिलमध्ये घट्ट बसवलेलं दार जुलैत उघडणार नाही. फळी रुंदीत फुगते-आटते, लांबीत जवळजवळ नाहीच. त्या हिशेबाने फट सोडलेली आहे का, ते ड्रॉइंगमध्ये बघ.

मग खांबाचा पाय बघ. आपल्या जुन्या घरांत खांब मातीत पुरलेला दिसणार नाही, खाली दगडी तळखडा असतो. खांबाचं कापलेलं टोक सगळ्यात जास्त पाणी ओढतं, म्हणून ती सोय. हल्ली कुणी खांब थेट काँक्रीटमध्ये गाडतात. वरून दिसायला मजबूत, पण पाणी आत अडकून बसतं आणि जमिनीच्या रेषेशी लाकूड पोकळ होतं. स्टीलचा बूट घालून पाय जमिनीपासून वर उचललेला हवा, आणि बुटात पाणी साचायला जागा नको. वळचण आखूड करा, घर आधुनिक दिसेल, असं वास्तुविशारद म्हणाले तर नम्रपणे विचार, झड कुठपर्यंत येईल? मला वाटतं, कोकणात पागोळ्या भिंतीपासून दूर पडायलाच हव्यात. त्यात तडजोड नको.

समुद्राजवळच्या कामाला साधे खिळे वापरू देऊ नकोस. खाऱ्या हवेत ते गंजतात, आणि ऐनासारख्या लाकडात लोखंडाभोवती काळे डाग पडतात. स्टेनलेसचे स्क्रू महाग पडतात, पडू देत. छप्पर खाली घट्ट बांधलेलं हवं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कितीतरी घरांची कौलं-पत्रे उडाले. वासा नुसता सरावर टेकून भागत नाही, वारा त्याला खालून उचलतो.

कागदांचा कंटाळा करू नकोस. खाजगी जमिनीतला साग, ऐन, किंजळ तोडायला १९६४च्या कायद्याखाली परवानगी लागते. तोडीचा परवाना आणि वाहतुकीचा पास मालाबरोबर आलाच पाहिजे, आणि पासावरचं माप प्रत्यक्ष मापाशी जुळलं पाहिजे. एफएससीचं लाकूड म्हणून विकलं, तर पुरवठादाराचा प्रमाणपत्र क्रमांक बिलावर हवा. माहितीपत्रकावरच्या शिक्क्याला अर्थ नाही. कागद नसेल तर माल उतरवू नकोस, साहेब घाईत असले तरी. हे तुला जड जाईल, नवी आहेस. तरी सांगतो.

जुन्या वाड्याच्या तुळया मिळाल्या तर सोडू नका. मात्र करवतीखाली घालण्याआधी खिळे शोधा, आणि तळाशी बारीक पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर भुंगा आत आहे असं समजा.

मिस्त्रींना 'दादा', 'काका' म्हण, नावाने हाक मारू नकोस. त्यांनी एखाद्या फळीला नाही म्हटलं तर कारण विचार. दोरा बघून ती पुढे कशी पिळेल हे ते सांगतील. विचारलंस तरच सांगतील.

आणि मास्क लाव, पहिल्या दिवसापासून. लाकडाच्या धुळीने नाकाचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. आमच्या पिढीला हे कुणी सांगितलं नाही, कारखान्यात पोरं अजून तोंडाला नुसता रुमाल बांधून पॉलिशपेपर मारतात. तू त्यांच्यासाठीही चांगले मास्क मागून घे, कंपनीला लेखी कळव.