मिरगाआधी एक सकाळ फवारणीच्या गड्यासाठी

वळवाचे दोन पाऊस पडले की गडमुडशिंगीच्या शिवारात घाई सुरू होते. आडसाली लावणीसाठी रान धरायचे असते, सोयाबीन-भुईमुगाचे बी जमवायचे असते, खताच्या पोत्यांसाठी सोसायटीत खेपा घालायच्या असतात. तणनाशक येते, अळीचे औषध येते, बॅटरीचा पंप दुरुस्त होऊन येतो. पण तो पंप पाठीवर घेऊन पुढचे चार महिने सऱ्यांतून फिरणाऱ्या गड्याची तयारी कुणाच्याच यादीत नसते. औषध कसे मिसळायचे, अंगावर कुठे पडते, कशाने बाधते हे त्याला कुणी शिकवलेले नसते. त्याने दुसऱ्याचे बघून उचललेले असते आणि त्या दुसऱ्यानेही तसेच. हे शिकवणे मालकाचे काम आहे आणि त्याची वेळ मिरगाच्या आधीची आहे.

आपल्या गावापासून गोकुळ शिरगावची एमआयडीसी हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या कारखान्यांत रसायनाचे नियम आले ते भोपाळनंतर. 1984 साली 2 आणि 3 डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळमध्ये जो वायू सुटला, तो कीटकनाशक तयार करण्यासाठी साठवलेला होता. त्या घटनेनंतर 1987 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. घातक रसायनांची माहिती कामगाराला देणे, त्याला प्रशिक्षण देणे आणि त्याची वैद्यकीय तपासणी करणे कारखानदारावर बंधनकारक झाले. कारखान्यात ॲसिडच्या कॅनला हात लावण्याआधी ज्याला हातमोजे मिळतात, तोच तरुण सुट्टीच्या दिवशी रानात उघड्या हाताने कीटकनाशकाची बाटली फोडतो. रसायन दोन्हीकडे सारखेच घातक आहे. शेतीसाठीही 1968चा कीटकनाशके कायदा आहे आणि 1971च्या नियमांत संरक्षक कपडे, प्रथमोपचार, फवारणी कामगारांचे प्रशिक्षण हे सगळे लिहिलेले आहे. मात्र बांधावर तपासायला कुणी येत नाही, म्हणून ते मालकाने आपणहून करायचे.

याची किंमत यवतमाळने मोजली आहे. 2017 साली जुलै ते ऑक्टोबर या काळात त्या एका जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, हवा दमट आणि कोंदट होती, दोन-तीन औषधे एकत्र करून मारली जात होती आणि पॉवर पंपाचे बारीक तुषार उलटून तोंडावर येत होते. अंगावर बहुतेकांच्या साधा शर्ट आणि तोंडाला रुमाल. ही सगळी परिस्थिती आपल्या उसात दर पावसाळ्यात असते. खांद्याला लागलेल्या उसात वारा शिरत नाही आणि मारलेले औषध पानांवरून ठिबकत अंगावरच येते. उभ्या उसात आत शिरून पाठीवरच्या पंपाने फवारणी करायला गड्याला लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता शिकवायचे कसे? तोंडी सांगून काही होत नाही. गडी मान डोलावतो आणि आजवर करत आला तसेच करतो. त्यासाठी मी एक सोपा प्रयोग सुचवतो. पंपात नुसते पाणी भरा आणि त्यात कपड्याला घालायची नीळ टाका. पाणी चांगले गडद निळे झाले पाहिजे. गड्याला जुना पांढरा नेहरू शर्ट आणि पांढरी विजार घालायला द्या आणि नेहमीसारख्या दोन-चार सऱ्या मारायला सांगा. तो परत आला की बांधावर उभा करून सगळ्यांनी त्याचे कपडे बघा. मांड्यांवर आणि गुडघ्याखाली निळे दिसेल, कारण आपणच फवारलेल्या ओल्या पानांतून तो पुढे चाललेला असतो. उजव्या बाहीवर दिसेल, कारण ट्रिगरजवळचा जोड गळतो. छातीवर ठिपके असतील तर दांडी वाऱ्याच्या तोंडाला धरली होती. आणि पंप उतरवून पाठ बघितली की बहुतेक वेळा मणक्यावरून खाली कमरेपर्यंत निळा ओघळ आलेला असतो. झाकणाचा वायसर कडक झालेला असतो आणि वाकले की टाकीतले पाणी झाकणातून पाठीवर उतरते. हा ओघळ सगळ्यांत वाईट. काख, मान, जांघ या भागांची कातडी हातापायांपेक्षा कितीतरी वेगाने औषध आत घेते आणि घामाने भिजलेला कपडा ते तासन् तास अंगाला चिकटवून ठेवतो. निळीचा डाग धुऊन जातो. पण आपल्या शर्टावर तो कुठे पडला हे गड्याने डोळ्यांनी बघितले की पुढचे सांगणे त्याला पटते.

मग त्याच सकाळी वायसर बदला, जोडाला टेप न गुंडाळता नवा जोड बसवा, नोझल साफ करा. नोझल तुंबले की तोंडाने फुंकण्याची सवय अजून जात नाही. त्यासाठी पंपाला दोरीने एक जुना दात घासायचा ब्रश बांधून ठेवा. हाताशी असला की तो वापरला जातो.

वाऱ्याचेही रानात उभे राहूनच दाखवावे. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. तेव्हा फवारणी रानाच्या पूर्वेकडच्या कडेपासून सुरू करायची आणि एकेक सरी पश्चिमेला सरकत यायचे. म्हणजे तुषार मागच्या, फवारून झालेल्या रानावर जातात आणि माणूस कोरड्या पिकातून चालतो. पलीकडच्या रानात कुणी भांगलत असेल किंवा जनावर बांधलेले असेल तर तेवढा वेळ थांबायचे. ढगाळ, पडल्या हवेच्या दुपारी फवारू नये. सकाळी लवकर काम उरकावे. अंगभर कपडे आणि हातमोजे घालून भर उकाड्यात काम होत नाही आणि मग गडी ते काढूनच टाकतो, म्हणून वेळेकडे लक्ष द्यायचे.

सगळ्यांत जास्त धोका फवारताना नसून मिसळताना असतो, कारण तेव्हा हातात पातळ न केलेले मूळ औषध असते. बाटलीचे बूच दाताने उघडणे, टोपणाने अंदाजे मापणे, बादलीत हाताने ढवळणे या तिन्ही गोष्टी बंद झाल्या पाहिजेत. मापाचा पेला आणि एक लांब काठी औषधाच्या पेटीतच ठेवावी. पंप आधी अर्धा पाण्याने भरायचा, बादलीत कालवलेले औषध त्यात ओतायचे, मग उरलेले पाणी. रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच घालायचे आणि बाटलीच्या बुडाला भोक पाडायचे, म्हणजे पुढे तिच्यातून कुणी गोडे तेल किंवा पाणी नेणार नाही. दुकानदाराने सांगितले म्हणून चार औषधांचा काला करू नये. लेबलवर ज्याची शिफारस नाही, ते मिश्रण पिकावर काय करील आणि माणसावर काय करील हे कुणीच तपासलेले नसते.

लेबल वाचता येत नसले तरी त्यावरचा रंग ओळखता येतो. बाटलीवर तिरका चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषारीपणा सांगतो. लाल म्हणजे अति तीव्र, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. चार रिकाम्या बाटल्या ओळीने मांडून गड्याकडूनच त्यांचा क्रम लावून घ्या. लालाला पर्याय असेल तर लाल घेऊच नका.

हातमोजे नायट्रिल रबराचे घ्या. कापडी किंवा चामड्याचे औषध शोषून धरतात. फवारा कमरेखाली असेल तर शर्टाची बाही मोज्याच्या बाहेरून खाली घ्यायची, आणि पडवळ-दोडक्याच्या मांडवावर हात वर करून मारायचे असेल तर मोजा बाहीच्या वरून ओढायचा. उलटे केले की ओघळ सरळ मोज्यात उतरतो. काढण्याआधी मोजे हातातच साबणाने धुवायचे. पायात गमबूट आणि विजार बुटाच्या बाहेर. डोळ्यांना गॉगल. तोंडाला बांधलेला ओला रुमाल मात्र काही उपयोगाचा नाही, तो औषध धरून नाकातोंडाशी नेऊन ठेवतो. मास्क लेबलवर सांगितलेला घ्यावा. हा सगळा संच मालकाने घ्यायचा, गड्याकडून मागायचा नाही.

तंबाखूचे स्वतंत्र सांगायला हवे. पंप संपला की गडी बांधावर टेकतो, चंची काढतो आणि तळहातावर तंबाखू-चुना मळतो. तळहाताला लागलेले औषध चुन्याबरोबर तंबाखूत मुरते आणि तिथून ओठाखाली जाऊन बसते. विडीचेही तेच आणि भाकरीचेही तेच. म्हणून फवारणीच्या दिवशी बांधावर साबण आणि स्वच्छ पाण्याची घागर असलीच पाहिजे. चंची, डबा आणि मोबाइल घरी किंवा झाडाला टांगलेल्या पिशवीत, औषधापासून लांब. तंबाखू सोडा असे सांगून कुणी सोडत नाही, पण हात धुऊन मळा एवढे ऐकतात.

पाणी आणून देणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी भांगलायला येणाऱ्या बायकांना तर या प्रशिक्षणाला कुणी बोलावतच नाही. कालच फवारलेल्या सोयाबीनमध्ये त्या उकिडव्या बसून हाताने तण काढतात आणि तो पाला दिवसभर हातांना, पायांना घासतो. फवारणीनंतर किती वेळ रानात जायचे नाही हे लेबल किंवा माहितीपत्रकावर बघावे. दिलेले नसेल तर निदान पूर्ण एक दिवस जाऊ द्यावा आणि बांधावर लाल कापड लावावे. पैऱ्याने येणाऱ्या बायकांनाही त्या कापडाचा अर्थ माहीत असायला हवा. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला आणि अठरा वर्षांखालच्या पोराला औषधाच्या जवळ कामाला ठेवू नये.

मजुरीचाही विचार करायला हवा. पंपावर पैसे ठरले की गडी जास्त पंप मारायच्या नादात मोजे घालत नाही, हात धुवायला थांबत नाही, वाऱ्याची दिशा बघत नाही. फवारणीला दिवसाची मजुरी ठरवावी आणि तीही चार-पाच तासांच्या कामाला पूर्ण द्यावी. आपल्याकडे एका वाडीत फवारणारे दोन-तीनच गडी असतात. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे असे त्यांचे आठवडेच्या आठवडे औषधात जातात. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांचा परिणाम रक्तात साचत जातो. आदल्या दिवशी कुणाकडे काय मारले हे गड्याला विचारावे आणि सलग दिवस झाले असतील तर त्याला दुसरे काम द्यावे.

हुमणी अळीसाठी फोरेटचे दाणे हाताने सरीत टाकायची इथे जुनी सवय होती. फोरेटवर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. मोनोक्रोटोफॉसच्या 36 टक्के द्रावणावरही केंद्र सरकारने 2023 साली बंदीचा आदेश काढला. तरी गोठ्याच्या माळ्यावर जुन्या पुड्या आणि बाटल्या सापडतात. त्या वापरू नका, ओढ्यात टाकू नका, जाळू नका. वेगळ्या बंद डब्यात ठेवून कृषी विभागाला विचारा. हुमणीचे म्हणाल तर वळवानंतर तिन्हीसांजेला कडुलिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे सगळ्या गल्लीने मिळून फांद्या हलवून गोळा करणे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकणे, प्रकाश सापळे लावणे, मेटारायझियम बुरशी वापरणे हे उपाय आहेत. त्यात कुणाला विषाला हात लावावा लागत नाही. कोठारातल्या धान्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात आणूच नयेत. हवेतल्या दमटपणानेही त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, आणि पावसाळ्यात बंद घरात झोपलेल्या माणसांना तो कळायच्या आत गाठतो.

विषबाधेची सुरुवात ऊन लागल्यासारखी होते. डोके दुखते, गरगरते, मळमळते. म्हणून गडी घरी जाऊन पडतो आणि तिथेच घोटाळा होतो. तोंडाला पाणी सुटणे, डोळ्यांतून पाणी येणे, दरदरून घाम, धूसर दिसणे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, पापणी किंवा दंडाचा स्नायू उडणे, छाती आवळणे, यांतले काही दिसले तर ते ऊन नव्हे. कपडे ताबडतोब काढा, साबणाने अंग धुवा, आणि धुणाऱ्याने स्वतः मोजे घालावेत. डोळ्यांत गेले असेल तर 15 मिनिटे पाण्याची धार धरा. उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. कुशीवर निजवून 108ला फोन लावा किंवा मिळेल त्या गाडीने कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात न्या आणि औषधाची बाटली किंवा लेबल बरोबर द्या. कुठले औषध हे कळले की डॉक्टरांना ॲट्रोपिनसारखा उतारा लगेच ठरवता येतो. पॅराक्वाट या तणनाशकाला तर उताराच नाही, म्हणून ते थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवणे म्हणजे घरात मरण ठेवणे आहे. दिल्लीच्या एम्समधले राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800-116-117 या क्रमांकावर अहोरात्र मार्गदर्शन करते. हा क्रमांक औषधाच्या पेटीच्या झाकणावर आतून रंगाने लिहा. फवारणी करून गेलेल्या गड्याच्या घरी रात्री एक फोन करा, कारण लक्षणे काही वेळा उशिरा येतात.

पेटी कुलपाची हवी आणि राहत्या घराबाहेर. पंचगंगेच्या 2019 आणि 2021च्या महापुरात नदीकाठच्या गावांत गोठे आणि शेडे पाण्याखाली गेली. ज्यांची शेड खोलगट रानात आहे त्यांनी जूनमध्येच पेटी उंच जागी हलवावी आणि हंगामाला लागेल तेवढेच औषध पक्क्या पावतीवर आणावे. पंप धुतलेले पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात न सोडता फवारलेल्याच रानात टाकावे.

कणेरीचे सिद्धगिरी कृषी विज्ञान केंद्र आपल्याला जवळ आहे आणि गावचे सहायक कृषी अधिकारीही आहेत. दहा-पंधरा शेतकऱ्यांनी मिळून आपापल्या गड्यांची आणि भांगलणाऱ्या बायकांची नावे द्यावीत आणि मे अखेरची एक सकाळ ठरवावी. ठिकाण सभागृह नको, कुणाचे तरी रान असावे. त्या दिवसाची मजुरी सगळ्यांना द्यावी, नाहीतर येणार कोण? नीळ, पांढरे कपडे, रिकाम्या बाटल्या, नवे वायसर आणि हातमोज्यांचे जोड आदल्या दिवशी आणून ठेवावेत.