सनद काढून घ्यायची कोणी?

प्रश्न : जमिनीच्या दाव्यात आमच्या वकिलांनी तारखांना दांड्या मारल्या. आता फीच्या वादात कागदपत्रेही अडवून ठेवली आहेत. न्यायाधीशांकडे अर्ज केल्यास ते त्यांची सनद रद्द करतील का?

उत्तर : नाही, कारण तो अधिकार त्यांच्याकडे नाही. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार सनद राज्याची बार कौन्सिल देते आणि काढूनही तीच घेते. न्यायालय फार तर वकिलाला आपल्यासमोर उभे राहू देणार नाही.

सर्वोच्च न्यायालयालाही हे जरा उशिराच पटले. १९९५ साली त्याने अवमानाबद्दल एका वकिलाची सनद स्वतःच तीन वर्षांसाठी निलंबित केली. गंमत म्हणजे ते वकील बार कौन्सिल ऑफ इंडियाचेच अध्यक्ष होते! १९९८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केले, की अवमानाची शिक्षा म्हणून सनदेला हात लावता येत नाही.

तेव्हा तुमची तक्रार जाईल ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे. तक्रारीत तथ्य वाटले, तर ती तीन जणांच्या शिस्तपालन समितीपुढे येते. समिती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला समज देऊ शकते, सनद काही काळ निलंबित करू शकते किंवा वकिलाचे नाव पटावरून कायमचे काढू शकते. निकाल वर्षभरात लागला नाही, तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते.

मात्र दावा हरणे म्हणजे गैरवर्तन नव्हे. प्रत्येक दाव्यात एक वकील हरतोच. साधी चूकही सनदेवर येत नाही. दांड्यांबाबत त्यामुळे निष्काळजीपणा किती गंभीर, हे पाहिले जाईल. तारखांचे रोजनामे काढून ठेवा.

कागदपत्रांचे म्हणाल, तर तिथे तुमची बाजू भक्कम आहे. मध्य प्रदेशातील एका सहकारी बँकेच्या वकिलाने फी थकली म्हणून फायली अडवल्या होत्या. फीसाठी पक्षकाराचे कागद रोखणे हे गैरवर्तनच, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरवले. पण तेव्हा या मुद्द्यावर स्पष्टता नव्हती, म्हणून अठरा महिन्यांचे निलंबन उतरवून केवळ समज दिली. फी हवी असेल, तर वकिलाने रीतसर वसुलीचा दावा करावा.

ग्राहक मंचाचा सल्ला कोणी दिला, तर तिकडे जाऊ नका. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असा निकाल मे २०२४ मध्येच लागला आहे.